लगेच उघडणारं पान

माझ्या वडलांना, आबांना, कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली की ते चालायला लागतात. भांडण नाही, शिवी नाही. खांद्यावरची घोंगडी सारखी करतात, काठी उचलतात आणि चालायला लागतात.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. आम्ही मेंढरंवाले. कापूस वेचून झाला की शेतमालक आम्हाला रानात बोलावतात. मेंढरं पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, पाला खातात, रात्री तिथंच बसतात, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि मालक आम्हाला पोटापुरती ज्वारी देतो. याला आमच्याकडं मेंढरं बसवणं म्हणतात. मालकानं म्हणायचं, "या." आबांनी म्हणायचं, "येतो." एवढ्यावर सगळं ठरतं. औंढ्याकडच्या एका मालकाशी असंच ठरलं होतं, आणि मग बाजारात त्यानं आबांना पुन्हा गाठलं. "नक्की येणार ना?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी आबांनी अख्खा कळप त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पुढं नेला आणि शेजारच्या शिवारात बसवला. आई म्हणाली, काहून असं केलं? आबा म्हणाले, "त्याचा भरोसा न्हाई माझ्यावर. मंग त्याच्या रानात निजून काय करू?"

हे आधी सांगून ठेवते. गेल्या हिवाळ्यात जे झालं, ते यातूनच झालं.

मी त्यांची एकुलती एक लेक. लोक म्हणतात, बापाचा सगळा शांतपणा बापापाशीच राहिला, लेकीच्या वाट्याला काही आला नाही. खरंय. मला पटकन राग येतो आणि आला की तोंडात राहत नाही. लग्न होऊन जवळा बाजारला आले, नवऱ्याची पिठाची गिरणी आहे, तिथं मी दळण मोजून घेते. गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करत नाही. नवऱ्याशी करतं.

दुपारी वीज नसली की गिरणी बंद. त्या वेळात मी फोनवर लिहायला लागले. शिकवलं कुणी नाही. व्हिडिओ बघत बघत ब्लॉग उभा केला. सुरुवातीला मेंढरांमागच्या लहानपणाच्या आठवणी लिहायची, मग कोकरांची दुखणी, हगवण, पायलाग, असलं. वाचणारे कोण, तर मी, माझा नवरा आणि कुणी एक अनोळखी बाई. ती प्रत्येक लेखाखाली न चुकता "छान ताई" लिहायची. नवरा म्हणायचा, "ती बी तूच असशील."

मग एकदा सहज एक पान तयार केलं. कोणतं रान मोकळं झालं, कुठल्या तळ्याला पाणी आहे, कुठं फवारा मारलाय, याचा एक तक्ता. ते पान असं धावलं की बस्स! गोरेगावपासून आखाडा बाळापूरपर्यंतच्या मेंढरंवाल्यांच्या फोनात ते जाऊन बसलं. शेतमालक मला फोन करू लागले, "ताई, आमचं रान मोकळं झालं, लिहा." मी लिहायची. मेंढरंवाला वाचायचा आणि थेट रानात जायचा. मालकाला वेगळं विचारायचा नाही, कारण मालकानं मला सांगितलं म्हणजे शब्द दिला आणि त्यानं वाचलं म्हणजे शब्द घेतला. शब्द आता माझ्या पानावरून जायला लागला होता. मला याचा काय माज चढला होता म्हणून सांगू! बाजारातून जाताना पागोटंवाली माणसं रामराम घालायची, आणि मी शहरातल्या साहेबिणीसारखी मान हलवायची.

आबांना वाचता येतं. शाळा फारशी नाही, पण अक्षरांवर बोट ठेवत वाचतात. मी त्यांना फोन घेऊन दिला, पान कसं उघडायचं ते दाखवलं. रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी ते पान बघायचे. पण ते असायचे गोरेगावच्या माळावर. तिथं फोनला रेंजची एखादी काडी दिसली तरी नशीब. पान उघडायला लागलं की मधोमध ते गोल चाक फिरायचं, फिरतच राहायचं.

"माय," आबा फोनवर म्हणायचे, "तुझं पान काही येईना. नुसतं गरगर फिरून राहिलं. मेंढरं उभी राहून राहून कंटाळली."

मला वाईट वाटायचं. जगासाठी लिहायचं आणि बापालाच दिसायचं नाही, याला काय अर्थ? मी पुन्हा व्हिडिओ धुंडाळले. एका व्हिडिओत एक जण हिंदीत सांगत होता की ब्लॉग जड झाला असेल तर कॅशे प्लगइन टाका, झटकन उघडेल. प्लगइन म्हणजे ब्लॉगला वरून जोडायचा एक तुकडा. आणि कॅशे म्हणजे काय, तर मी ते नवऱ्याला असं समजावलं होतं: पाहुणा आला की दर वेळी पीठ मळून, तवा तापवून भाकर थापायची, की सकाळीच भाकरी करून दुरडीत ठेवायच्या आणि येईल त्याला काढून द्यायची? प्लगइन पानाची एक तयार प्रत करून ठेवतो आणि येईल त्याला तीच देतो. म्हणून लगेच मिळते.

"आन् दुरडीतली शिळी झाली तर?" नवऱ्यानं विचारलं होतं.

"तुमी गप बसा," मी म्हणाले होते.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी तो टाकला. टाका, मग चालू करा, अशी दोन बटणं. काहीच अवघड नव्हतं. नंतर मात्र खिडक्याच खिडक्या उघडल्या, सगळ्या इंग्रजीत. थोडं समजलं, थोडं फोनकडूनच मराठी करून घेतलं, बाकी अंदाजानं ठोकलं. त्यातल्या दोन गोष्टी आजही डोळ्यांपुढं येतात. एक होती, तयार प्रत किती काळ ठेवायची. तिथं काही तास लिहिलेलं होतं, मी ते खोडून आठवडा केला. आबांचं नेट इतकं रडकं, प्रत कायम तयार असलेली बरी, असा माझा हिशेब. दुसऱ्या ठिकाणी आधीच बरोबरची खूण होती. लिहिलं होतं की आत शिरलेल्या माणसाला, म्हणजे ज्यानं आपलं नाव आणि पासवर्ड टाकलाय त्याला, ठेवलेली प्रत न देता ताजं पान दाखवलं जाईल. मला वाटलं, चांगलंच आहे की. त्या ब्लॉगात आत शिरलेलं माणूस सगळ्या दुनियेत एकच होतं, आणि ती मी होते.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. इतका खूश आवाज मी माझ्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

"अगं माय, काय जादू केलीस? बोट लावलं की उघडून राहिलं! चाक बी फिरंना!"

मी गिरणीत फोन कानाला लावून उभी होते, अंगभर पीठ उडालेलं, आणि मला हसू आवरेना. आपल्या बापासाठी काहीतरी केलं, एवढंच मनात होतं.

पहिली कुरबूर त्या "छान ताई" बाईनं केली. तिनं लिहिलं, "ताई, तक्ता बदलला म्हणता पण मला तर जुनाच दिसून राहिला." मी पान उघडलं. माझ्या फोनवर सगळं बरोबर, नवं. मी तिला लिहिलं, "तुमचं नेट बघा." मग तिनं लिहिणंच सोडलं. छान नाही, काहीच नाही. मला जरा चुटपुट लागली, पण विचारायला जीभ वळली नाही.

त्यानंतर बाळापूरकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोन आला. तो आपली मेंढरं तहानलेली घेऊन एका तळ्यावर गेला होता, पानावर पाणी आहे असं वाचून. तळ्यात नुसता चिखल. एक मेंढी त्यात रुतली, दोर लावून काढावी लागली. "बाई, तुमी पाणी हाये म्हणून लिवलं," तो म्हणाला. रागानं नाही, हळूच. मी तिथली नोंद आधीच बदलली होती, पाणी आटलं म्हणून. पुन्हा पान उघडून बघितलं. बरोबर होतं. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणाले, "बाबा, तुमी वाचलंच न्हाई नीट. फोन बदला तुमचा." तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं ते "बरं" मला आवडलं नाही. दिवसभर कानात राहिलं.

नवरा गिरणीचा पट्टा सारखा करत होता. तिथूनच म्हणाला, "एकदा माझ्या फोनवर उघडून बघ की."

"तुमी पीठ दळा," मी म्हणाले.

एवढं साधं होतं. त्याचा फोन गल्ल्यावर पडलेला, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी हात लांब केला नाही.

मग अवकाळी पाऊस आला. हिवाळा सरत आलेला, बहुतेक रानांतला कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या. त्या पावसानं वाळत चाललेल्या पऱ्हाट्यांना पुन्हा हिरवा पाला फुटला, कैऱ्या, म्हणजे कच्ची बोंडं, लागल्या. असा दुसऱ्यांदा येणारा कापूस म्हणजे फरदड. कुणी ठेवतं, कुणी उपटून टाकतं. यंदा पुष्कळांनी ठेवला. आणि फरदड ठेवली की अळी येते, आणि अळी आली की फवारा. जवळ्याच्या आजूबाजूला सकाळपासून पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसायला लागली. वारा सुटला की गिरणीच्या दारापर्यंत तो उग्र वास यायचा. त्या दिवसांत मला उगाच अस्वस्थ वाटायचं. चिमण्या गिरणीच्या पत्र्यावर दाणे टिपायला यायच्या, त्या येईनाशा झाल्या. मी नवऱ्याला तसं म्हणालेही. तो म्हणाला, रानात दाणे भेटत असतील.

अशात एका मालकाचा फोन आला. त्याचं रान वसमत रस्त्याच्या बाजूला, मोठं, काळ्या मातीचं. दिवाळीनंतर त्यानंच मला सांगितलं होतं, कापूस झाला की मेंढरं बसवा, आणि मी तक्त्यात तसं लिहिलं होतं: रान मोकळं, मेंढरं आणा.

"ताई," तो म्हणाला, "माझं नाव काढा. फरदड ठेवली मी. आज फवारा मारलाय, औषध लई जहाल हाये."

मी त्याला फोनवर तसंच धरून ठेवलं आणि तक्ता बदलला. लाल अक्षरांत लिहिलं: रान बंद, फवारा मारला, मेंढरं आणू नका. पान उघडून बघितलं. लाल अक्षरं ठसठशीत दिसत होती.

"झालं, भाऊ."

"बराबर दिसून राहिलं ना?" त्यानं विचारलं.

"दिसून राहिलं."

"सगळ्यांनाच दिसन ना, ताई? म्हंजे बाहेरून येणाऱ्या लोकायला बी?"

आणि मी आबांचीच लेक ना! मला दोनदा विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाले, "भाऊ, भरोसा नसन तर तुमीच रानात पाटी लावून या."

तो बिचारा ओशाळला. "न्हाई न्हाई, ताई, भरोसा हाये की," म्हणाला. नंतर मला कळलं, तो स्वतःच्या फोनवर पान उघडून बघणार होता. मला राग आला म्हणून त्यानं बघितलं नाही. म्हणाला, तुमचा शब्द तपासल्यासारखं झालं असतं.

आबांना मी त्याच दिवशी फोन लावला होता. लागला नाही. आबा आणि आई तेव्हा मेंढरं घेऊन माळावरून खाली, काळ्या रानांकडं उतरत होते. कुठं बसणार ते मला माहीत नव्हतं. आबा रोज सकाळी पान बघून ठरवायचे. पान बघतीलच, म्हणून मी पुन्हा लावला नाही.

त्यानंतरचा आठवडी बाजार. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वारीच्या पिशव्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. एक मेंढरंवाली बाई दळणाला आली होती, आमच्याच नात्यागोत्यातली म्हणाल तर आहे, नाही म्हणाल तर नाही. दळण व्हायला वेळ होता म्हणून ती फोन काढून बसली. पट्ट्याच्या आवाजात ओरडून मला म्हणाली, "अवं, ह्या वसमत रस्त्याच्या रानात आमचं माणूस जाणार हाये उद्या. लई मोठं रान हाये म्हणतेत!"

मी म्हणाले, "कोणतं रान?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला.

रान मोकळं, मेंढरं आणा.

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. माझा फोन काढला, पान उघडलं, दोन्ही शेजारी शेजारी धरले. माझ्या फोनवर लाल अक्षरं. तिच्या फोनवर तेच पान, तोच वरचा फोटो, तीच माझी ओळ, आणि त्याखाली फवाऱ्याआधीचं रान. मी तिचं पान ओढून पुन्हा उघडलं. लगेच उघडलं. चाक फिरलं नाही. तेच आलं.

नवऱ्याच्या फोनवर बघितलं, तेच. दळायला आलेल्या एका पोलीसपाटलाच्या फोनवर बघितलं, तेच. सगळ्या दुनियेला एक पान दिसत होतं आणि मला एकटीला दुसरं. ते तळं, तो रुतलेल्या मेंढीचा म्हातारा, ती "छान ताई" बाई, सगळे खरं बोलत होते.

मी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला आणि एकदम इतकी शांतता झाली की रांगेतल्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. प्लगइनमध्ये ठेवलेल्या सगळ्या प्रती पुसायचं एक बटण होतं. मी ते इतक्या दिवसांत कधी दाबलंच नव्हतं. दाबलं. त्या बाईनं आपलं पान पुन्हा उघडलं. या वेळी चाक फिरलं.

"अय माय!" ती किंचाळली. "हे तर बदललं!"

मी आबांना फोन लावत होते. लागत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा. नवऱ्यानं गाडी काढली. तो एक शब्द जरी बोलला असता तरी मी त्याला खाल्लं असतं, आणि बोलला नाही म्हणून जास्तच भीती वाटली.

वसमत रस्त्यानं दोन्ही बाजूंना हिरव्या पऱ्हाट्या. मी मनात म्हणत होते, दुसऱ्या कुठल्या रानात बसले असतील. एवढी रानं आहेत. आबा नेहमी पाण्याजवळचं रान बघतात. पण त्या मालकाच्या रानाजवळ ओढा आहे, हेही मला माहीत होतं, कारण तक्त्यात "जवळ पाणी आहे" असं मीच लिहिलं होतं.

लांबूनच आबांचं लाल पागोटं दिसलं. धुऱ्यावर उभे होते.

मेंढरं पऱ्हाटीत होती. काही उभी, काही बसलेली. मेंढरं दुपारची बसतात, म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग गाडीवरून उतरले आणि वास आला. बसलेली मेंढरं मान टाकून पडलेली होती, तोंडाला फेस. उभी होती त्यांचे पाय लटलट कापत होते. आई एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात ताक ओतत होती आणि ताक बाहेर येत होतं.

"काय झालं ते समजंना, माय," आबा म्हणाले. "सकाळी बरी होती. पाणी बी पाजलं."

"बाहेर काढा!" मी ओरडले. "आबा, औषध मारलंय रानात, बाहेर काढा आधी!"

आम्ही चौघांनी मिळून जी चालू शकत होती ती हाकून पडीक माळावर काढली, जी चालू शकत नव्हती ती उचलून आणली. कोकरं आयांच्या मागं मागं फिरत होती. नवऱ्यानं वर रस्त्यावर जाऊन जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो आला, त्यानं सुया टोचल्या, काही मेंढरं ऊन कलताना उठून उभी राहिली. बरीच उठली नाहीत. आबा एकेकीजवळ जाऊन कानाला हात लावून बघायचे, कान गार लागला की पुढच्या मेंढीकडं जायचे. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

तोवर माणसं गोळा झाली. शेजारच्या शिवारातले दोन-तीन मेंढरंवाले काठ्या घेऊन आले. आणि रानाचा मालक पळत पळत आला. त्यानं माळावर पडलेली मेंढरं बघितली आणि डोकं धरून मटकन खालीच बसला.

"काहून आणली हो मेंढरं?" तो म्हणाला. "मी तर नको म्हणून सांगितलं होतं!"

आणि माझे आबा, जे आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत, नुसते चालू लागायचे, ते त्याच्यावर धावून गेले.

"कुणाला सांगितलं? खोटं बोलून राहिलास! बोलावून इख घातलं माझ्या मेंढरायला!"

"तुमच्या लेकीला सांगितलं, बाबा. इचारा तिला."

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. त्या ओढ्याकाठी नेट नव्हतं. सकाळी वर रस्त्यावर उघडलेलं पान तसंच होतं. त्यांनी हात उंच करून फोन सगळ्यांना दाखवला.

"हे बघा! वाचा सगळेजण! माझ्या लेकीनं लिवलेलं हाये. रान मोकळं, मेंढरं आणा. माझी लेक खोटं लिवन? ह्यानं नको म्हणलं असतं तर तिनं लिवलं नसतं का?"

काठ्या हातात घेतलेली माणसं मालकाच्या दिशेनं सरकली. एकानं त्याची कॉलर धरली. तो माझ्याकडं बघत होता. गयावया करत नव्हता, नुसता बघत होता. गप्प राहिले असते तर त्याचं काय झालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. आणि बोलले तर आबांच्या उंच धरलेल्या हाताचं काय होणार, तेही.

"आबा," मी म्हणाले, "भाऊ खरं बोलून राहिले."

कॉलर धरलेला हात सुटला.

"त्यायनी मला सांगितलं होतं. मी लिवलं बी होतं, लाल अक्षरात. पण ते तुमच्यापर्यंत आलंच न्हाई. तुमाला जुनंच दिसून राहिलं."

आबांनी हात खाली घेतला. धोतराच्या सोग्यानं फोनची काच पुसली आणि अक्षरांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. रान. मोकळं. मेंढरं. आणा.

"मंग हे कुणी लिवलं?"

"मीच. पहिलं हाये ते."

"पण आज सकाळी उघडलं म्या," ते म्हणाले. "लगेच उघडलं."

मी तिथंच, सगळ्या लोकांसमोर, लहान लेकरासारखी रडायला लागले. आबांनी फोन खिशात ठेवला. मालकाजवळ गेले आणि त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले. "चुकलं भाऊ," म्हणाले, "तुमच्यावर खोटा आळ घेतला." माझ्या आबांना मी देऊळ सोडून कुठं हात जोडताना बघितलं नव्हतं.

मेंढरं पडीकात पुरली. खड्डे खणायला मालकही आला, कुणी बोलावलं नव्हतं तरी. आई मधूनमधून कोकरांना हाका मारत होती.

प्लगइन मी त्याच दिवशी काढून टाकला. पुढं समजून घेतलं तेव्हा कळलं की लेख बदलला की प्लगइन आपोआप जुनी प्रत फेकून देतो. पण माझा तक्ता लेखात नव्हता, तो मी वेगळ्या जागी भरायची आणि तो पानात नुसता येऊन बसायचा. तक्ता कितीही बदलला तरी प्लगइनच्या लेखी पान तेच होतं. एवढीच गोष्ट. हे मी आबांना दोन-तीनदा समजावून सांगितलं. ते "व्हय, व्हय" म्हणाले. मी पान बंदच करते म्हणाले, तर आबा नको म्हणाले, बाकीच्या लोकांचं अडतं.

आता पान पुन्हा जड झालंय. माळावर चाक गरगर फिरतं. आबा तक्रार करत नाहीत. उरलेली मेंढरं घेऊन फिरतात, आणि रोज सकाळी, मेंढरं सोडायच्या आधी, उंचवट्यावर चढून मला फोन करतात. मी चूल सोडून धावते.

"माय, आजचंच हाये ना हे?"

"व्हय आबा. आजचंच हाये."

मग ते थांबतात. मला त्यांच्या मागं कोकरांचा आवाज येतो. ते थांबले की मला कळतं, पुढं काय येणार आहे, आणि रोज मला वाटतं, आज नाही विचारणार.

"नक्की ना?" आबा विचारतात.

"नक्की, आबा," मी म्हणते.